स्ट्रोकनंतरचा हात आणि मेंदूचे सिग्नल ओळखणारं यंत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षाघात झालेल्यांचे नातेवाईक, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारी इंजिनिअरिंगची मुलं पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत, म्हणून भाषाही त्यांचीच ठेवली. मी सिग्नलच्या बाजूचा माणूस. उपचारांबद्दलची उत्तरं मुंबईतल्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्यांकडून तपासून घेतली आहेत, तरी आपल्या रुग्णाचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आणि आत्ता या क्षणी घरात कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, हात गळून पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

१. डोक्यावर टोपी घालून हात कसा काय हलतो? हे नक्की आहे तरी काय?

टोपी स्वतः हात हलवत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र असतं: पंजाला बसवलेला मोटरचा सांगाडा, किंवा कोपराखालच्या स्नायूंवर चिकटवलेल्या पट्ट्या, ज्यांतून सौम्य वीज सोडली की बोटं उघडतात. या दुसऱ्या प्रकाराला एफईएस म्हणतात. टोपीचं काम एवढंच, की हे यंत्र नेमकं कधी सुरू व्हावं ते सांगणं.

आपण शांत बसलेले असताना हाताची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात साधारण ८ ते १३ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या लाटांची, एक लय चालू असते. तिला म्यू लय म्हणतात. हात हलवला, हलवायचा प्रयत्न केला, किंवा हलवतोय अशी नुसती कल्पना केली तरी ही लय दबते. ऑस्ट्रियात ग्राट्सला गर्ट फुर्टशेलर यांच्या गटाने या दबण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. लकव्यातला हात जागचा हलत नसला तरी प्रयत्न झाला की लय बहुधा दबतेच. टोपीतले ईईजीचे, म्हणजे मेंदूतली वीज डोक्यावरून मोजण्याचे, इलेक्ट्रोड ती टिपतात, कॉम्प्युटर ते ओळखतो आणि हाताच्या यंत्राला इशारा देतो.

माणसाचा ईईजी पहिल्यांदा टिपला तो हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस, म्हणजे बीसीआय, हे नाव झाक विदाल यांनी १९७३ मध्ये दिलं. कल्पना जुनी आहे, ती रुग्णाच्या हातापर्यंत पोचायला वेळ लागला.

२. म्हणजे बाबांच्या मनातलं सगळं कॉम्प्युटरला कळणार?

हा प्रश्न हसत हसत येतो, पण उत्तराची वाट मात्र गंभीरपणे पाहिली जाते.

नाही कळणार. कवटीवरून मिळणारा सिग्नल काही दहा मायक्रोव्होल्टचा असतो आणि तो असंख्य पेशींचा मिळून एकत्र येतो. मिरवणुकीत गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आतलं ढोल पथक ऐकावं तसं हे आहे. वाजतंय की थांबलंय ते कळतं, कुणाचं टिपरू कधी पडलं ते कळत नाही. या उपचारात कॉम्प्युटर एकच गोष्ट बघतो: हात उघडायचा प्रयत्न चाललाय की नाही. मृत्युपत्र, भावकीतली भांडणं, सुनेबद्दलचं मत यातलं काही त्यात उमटत नाही. मनातलं बोलणं ओळखण्याचे प्रयोग वेगळे, त्यांसाठी प्रश्न १५ पहा.

३. रोज फिजिओ चालूच आहे. मग हे आणखी कशाला?

फिजिओ सोडून हे करायचं नसतं, फिजिओच्या जोडीने करायचं असतं. फरक कुठे पडतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे.

स्ट्रोकमध्ये मेंदूकडून मणक्यातून स्नायूंपर्यंत जाणारी वाट तुटते किंवा अरुंद होते. रुग्ण जीव तोडून प्रयत्न करतो, हात हलत नाही, आणि हलला नाही म्हणून हाताकडून मेंदूला परत काहीच कळवलं जात नाही. असं वारंवार झालं की मेंदू त्या हाताचा नाद सोडतो. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं: वापरून उपयोग नाही हे शरीर शिकतं, आणि पुढे थोडी ताकद परत आली तरी हात पडूनच राहतो.

नेहमीच्या व्यायामात बऱ्याचदा उलटी गत असते. मावशी हात हलवून देत असतात आणि आजोबांचं लक्ष टीव्हीवरच्या मालिकेत. सांधा मोकळा राहतो, तेही हवंच. पण मेंदूने आदेश दिलेलाच नसतो.

म्हणजे एकीकडे आदेश आहे पण हालचाल नाही, दुसरीकडे हालचाल आहे पण आदेश नाही. बीसीआय हे दोन्ही एका क्षणात आणतं. प्रयत्न झाला तरच हात उघडतो आणि लगेच उघडतो. त्वचा, स्नायू, सांधे यांच्याकडची खबर मेंदूत पोचते तेव्हा आदेश देणाऱ्या पेशी अजून जाग्याच असतात. ज्या पेशी एकत्र कामाला लागतात त्यांच्यातली जोडणी घट्ट होते, हा डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेला विचार इथे पाया आहे. म्हणून हालचाल किती जोरात झाली यापेक्षा ती केव्हा झाली याला महत्त्व. तीच हालचाल तीन-चार सेकंद उशिरा आली तर मावशींनी हात हलवला काय आणि यंत्राने हलवला काय, सारखंच.

यंत्र प्रयत्नाचा क्षण पकडतं, त्यापलीकडे काही नाही. प्रयत्न रुग्णालाच करावा लागतो, शेकडो वेळा.

४. हे सिद्ध झालंय की अजून प्रयोगच चाललेत?

थोडं सिद्ध, बरंच बाकी.

जर्मनीत ट्युबिंगेनला रामोस-मुर्गियाल्दाय, बिरबाउमर आणि सहकाऱ्यांनी केलेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३२ जुने, म्हणजे झटक्याला बराच काळ उलटलेले, रुग्ण होते, सगळ्यांचा पंजा जवळजवळ निकामी. निम्म्यांचा हात मेंदूच्या सिग्नलवर हलवला गेला, निम्म्यांचा कुठल्याही वेळी, सिग्नलशी संबंध न ठेवता. फिजिओ दोन्ही गटांना. फ्यूगल-मायर या मोजपट्टीवर पहिला गट सुमारे ३.४ गुणांनी पुढे राहिला. स्वित्झर्लंडच्या होझे मियान यांच्या गटाने तोच प्रश्न एफईएस लावून २७ रुग्णांवर तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले: सिग्नलवर चालणाऱ्या एफईएसच्या गटाची सरासरी सुधारणा ६.६ गुण, दुसऱ्या गटाची २.१. ती सुधारणा सहा महिने ते वर्षभर टिकलेली दिसली.

या दोन्ही चाचण्यांचं मला कौतुक वाटतं ते तुलनेच्या गटामुळे. यंत्र तेच, टोपी तीच, खर्च केलेला वेळ तोच. फरक फक्त हालचाल कधी झाली याचा.

आता गुणांचा अर्थ. ही मोजपट्टी हातासाठी ६६ गुणांची असते आणि रोजच्या जगण्यात फरक जाणवायला साधारण पाच गुण लागतात असं मानतात. म्हणजे घट्ट मिटलेली मूठ थोडी उघडते, बाही चढवताना हात साथ देतो, ताट टेबलावर धरून ठेवता येतं. पुन्हा तबला वाजवता येईल अशी आशा कुणी लावत असेल तर सावध व्हा.

अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२१ मध्ये इप्सिहँड नावाच्या यंत्राला परवानगी दिली, झटक्याला किमान सहा महिने उलटलेल्या प्रौढ रुग्णांसाठी. हा मोठा टप्पा होता. तरी एकूण चाचण्यांतले रुग्ण मोजके आणि प्रत्येक गटाची पद्धत निराळी, त्यामुळे नेमका कुणाला फायदा होईल हे आधी सांगता येत नाही. 'नव्वद टक्के रुग्ण बरे' अशी जाहिरात दिसली तर एवढंच विचारा: कोणत्या मोजपट्टीवर, किती गुणांनी?

५. आईला झटका येऊन तीन वर्षं झाली. आता उशीर झाला ना?

झालेला नाही. प्रश्न ४ मधल्या चाचण्यांतले रुग्ण असेच जुने होते. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, नंतर वेग मंदावतो, पण प्रशिक्षणाला मेंदू पुढेही दाद देतो.

जुन्या रुग्णांची अडचण वेगळी असते. आखडलेला पंजा, दुखरा खांदा, जखडलेलं मनगट. सिग्नल कितीही स्वच्छ आला तरी सांधाच उघडत नसेल तर यंत्र बोटं उघडणार कशी? आधी स्प्लिंट (पंजा सरळ धरून ठेवणारी आधाराची पट्टी), स्ट्रेचिंग, गरज पडल्यास बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, आणि मग टोपी. उलट पहिल्या काही आठवड्यांत घाई करू नका. रुग्ण लवकर थकतो, बीपी वरखाली होतं, त्या दिवसांत उठणं-बसणं-गिळणं सांभाळणं जास्त गरजेचं.

६. मुंबईत हे कुठे मिळतं? खर्च किती?

केसपेपर काढला आणि मिळालं, अशी ही सेवा नाही. काही खासगी पुनर्वसन केंद्रं आणि संशोधन प्रकल्प, एवढेच मार्ग. भारतात यावर काम होतंय: आयआयटी कानपूरने उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठाबरोबर हाताचा असा सांगाडा विकसित केला आहे.

माझा सल्ला थोडा निराश करणारा वाटेल. सुरुवात बीसीआयपासून करू नका. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) विभाग आहेत. तिथे हाताची नीट मोजणी करून घ्या, स्प्लिंट बनवून घ्या आणि आपला रुग्ण यात बसतो का ते विचारा.

खर्चाचा हिशेब करताना एका सेशनचा दर विचारून थांबू नका. पूर्ण कोर्स किती सेशनचा, शेवटी मोजणी कोण करणार, आणि जाण्यायेण्याचं काय? विरारहून किंवा बदलापूरहून आठवड्यातून तीनदा, दिव्यांग डब्यातून का होईना, सोबत घरातलं एक माणूस रजा टाकून आणायचं म्हणजे रुग्ण पोचतानाच अर्धा दमलेला असतो. दमलेल्या माणसाचा सिग्नलही मंद. अशा घराला मी सांगेन की गल्लीतली रोजची फिजिओ चुकवू नका, ती जास्त कामाची.

संशोधन प्रकल्पात नाव घालत असाल तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र मागा. प्रयोगात भाग घ्यायचे पैसे कुणी तुमच्याकडूनच मागत असेल तर तिथून उठा.

७. पहिल्या दिवशी काय तयारी करून जायचं?

आदल्या रात्री किंवा सकाळी शाम्पूने डोकं धुवा आणि तेल लावू नका. हे इतकं साधं आहे, तरी सर्वांत जास्त वेळ यातच जातो. आजीचं डोकं खोबरेल तेलाने थापलेलं असलं की जेल त्वचेला धरत नाही, आणि तासातला अर्धा वेळ इलेक्ट्रोड पुसण्यात जातो. अंबाडा, पिना, गजरा घरीच ठेवा. मेंदी, कलप चालतो.

झोप पुरेशी हवी. नेहमीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. चष्मा, कानाचं मशीन सोबत असू द्या. पावसाळ्यात आणि मे महिन्यात घामाने सिग्नल हळूहळू वाहत जातो, म्हणून एसी खोलीचा आग्रह धरला जातो, तो थाट नाही. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसेल तर ५० हर्ट्झची वीज सिग्नलमध्ये घुसते. फिल्टरने ती काढता येते, पण आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टोपी चढवायला वीसेक मिनिटं, मग प्रयत्नांच्या फेऱ्या, मध्ये विश्रांती. दुखत काहीच नाही. ईईजी डोक्यात वीज सोडत नाही, फक्त टिपते.

८. यात मशीन लर्निंग नेमकं कुठे येतं?

म्यू लय दबते हे सगळ्यांचं सारखं. पण किती हर्ट्झला दबते, कोणत्या इलेक्ट्रोडखाली, किती आणि किती वेळ, हे प्रत्येकाचं वेगळं. स्ट्रोकमध्ये तर जखम जिथे असेल त्याप्रमाणे चित्र आणखी बदलतं. म्हणून एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही, प्रत्येक रुग्णाच्या सिग्नलवरून तो शिकावा लागतो.

सुरुवातीला स्क्रीनवर कधी 'हात उघडा' तर कधी 'आराम' असं येतं, प्रत्येकी तीस-चाळीस वेळा. त्या काळातला सिग्नल साधारण ८ ते ३० हर्ट्झमध्ये गाळून घेतात. मग सीएसपी नावाची पद्धत इलेक्ट्रोडना असे वजनाचे आकडे देते की दोन अवस्थांमधला फरक जास्तीत जास्त उठून दिसावा. त्यानंतर एलडीए हा जुना, साधा वर्गीकरणाचा प्रकार दोघांमध्ये रेषा आखतो. अलीकडे इलेक्ट्रोडच्या आपसातल्या संबंधांची तुलना रिमानच्या भूमितीने करतात, तीही चांगली टिकते. ईईजीनेट हे आटोपशीर न्यूरल नेटवर्क २०१८ मध्ये आलं आणि मुलांना तेच वापरायची घाई असते. रुग्णामागे ऐंशी प्रयत्नांचा डेटा असताना मी अजूनही आधी एलडीए लावून बघतो. अशा नेटवर्कना भरपूर डेटा लागतो, आणि दमलेल्या रुग्णाकडून पाचशे प्रयत्न मागणं माणुसकीला धरून नाही.

मॉडेल निवडण्यापेक्षा अवघड असतं ते उंबरा ठरवणं, म्हणजे सिग्नल किती बदलला की प्रयत्न झाला असं धरायचं ते. उंबरा खाली ठेवला तर रुग्णाने काही न करताही हात उघडतो आणि प्रश्न ३ मधली सगळी जोडणीच बिघडते. वर ठेवला तर खरा प्रयत्न वाया जातो, रुग्ण वैतागतो आणि म्हणतो, मशीन बंद आहे. हा आकडा इंजिनिअरने एकट्याने ठरवू नये. रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत थेरपिस्टने ठरवावा.

९. गेल्या आठवड्यात सगळं शिकवलं होतं. दर वेळी पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला नव्याने शिकवणं, का?

टोपी अर्ध्या सेंटीमीटरने सरकली, जेल वाळलं, रात्री झोप झाली नाही, गोळी बदलली, एवढ्यानेही सिग्नल बदलतो. आणि उपचार लागू पडत असेल तर मेंदूच बदलतो, मग कालचं मॉडेल आज चुकलं तर त्याचं वाईट वाटायला नको. आता मागच्या सेशनचा डेटा वापरून कॅलिब्रेशन काही मिनिटांवर आणतात, किंवा चालू सेशनमध्येच मॉडेल हळूहळू जुळवून घेतात.

१०. स्क्रीनवर ५८ टक्के येतं. आई खचून जाते. ती नीट करत नाहीये का?

तो आकडा आईच्या मेहनतीचा नाही. कॉम्प्युटरला किती ओळखता आलं, याचा आहे. निरोगी तरुणांमध्येसुद्धा साधारण १५ ते ३० टक्के लोकांचा सिग्नल अशा यंत्राला नीट ओळखता येत नाही.

तरीही ५८ चा अर्थ समजून घ्या. दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजाने ५० टक्के बरोबर येतात. चाळीस प्रयत्नांत ५८ टक्के म्हणजे २३ बरोबर, हे नशिबानेही येऊ शकतं. चाळिसात २६ किंवा जास्त, म्हणजे ६५ टक्के किंवा त्याच्या वर गेलं तर नशिबाची शक्यता शंभरात चारवर येते. त्याखाली यंत्र बऱ्याचदा भलत्याच क्षणी हात उघडत असतं, हे थेरपिस्टच्या लक्षात आणून द्या.

आधी दोन गोष्टी बघा. आई हाताचं नुसतं चित्र डोळ्यांसमोर आणतेय की आतून हलवून बघतेय? हाताचं चित्र मनात बघितल्याने म्यू लय फारशी दबत नाही. तिला 'कल्पना कर' म्हणण्यापेक्षा 'पेला पकड' म्हणून खरा प्रयत्न करायला सांगा, समोर खरा पेला ठेवून. दुसरं, स्ट्रोकनंतरचं नैराश्य फार जणांना येतं आणि घरी ते आळस म्हणून खपतं. तशी शंका असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि तो आकडा आईच्या स्क्रीनवरून काढून टाकायला सांगा, तो तिच्या उपयोगाचा नाही.

११. आमच्या बीई प्रोजेक्टमध्ये ९८ टक्के अ‍ॅक्युरसी आली. रुग्णालयात दाखवू का?

आधी डेटाची विभागणी तपासा. एका प्रयत्नातून एकमेकांवर चढलेले दहा तुकडे काढले आणि ते सरमिसळ करून काही शिकवायला, काही तपासायला ठेवले, तर मॉडेलने परीक्षेचा पेपर आधीच बघितलेला असतो. इलेक्ट्रोडची निवड किंवा सीएसपी संपूर्ण डेटावर आधी करून मग विभागणी केली तरी तेच. एक सेशन पूर्ण बाजूला ठेवा, शक्य असेल तर एक माणूस पूर्ण बाजूला ठेवा. आकडा सत्तरवर घसरला तर तो खरा आहे, आणि तोच व्हायव्हात सांगा.

दुसरं, तुमचा डेटा कुणाचा? बीसीआय कॉम्पिटिशन ४ चा प्रसिद्ध २ए संच नऊ जणांचा, फिजिओनेटचा १०९ जणांचा, आणि ते सगळे निरोगी स्वयंसेवक. त्यांच्यावर शिकलेलं मॉडेल जखमी मेंदूला तसंच्या तसं लागू पडत नाही. रुग्णालयात जा जरूर, पण दाखवायला जाण्याआधी एक दिवस फिजिओथेरपी विभागात नुसते बसून या.

१२. ज्या बाजूचा मेंदू गेला त्याच बाजूचा सिग्नल येणार कुठून?

चांगला प्रश्न, आणि यावर जाणकारांतही मतभेद आहेत. उजवा हात डावा मेंदू चालवतो. हालचालीच्या सिग्नलसाठीचे मुख्य इलेक्ट्रोड, सी-३ आणि सी-४, कानापासून कानापर्यंत माथ्यावरून ओढलेल्या रेषेवर, माथ्याच्या दोन्ही बाजूंना येतात. जखम आतल्या थरात असेल तर वरचं आवरण शाबूत असतं आणि त्याच बाजूला सिग्नल मिळतो. बहुतेक गट हाच पसंत करतात, कारण जोडणी तिथेच परत घट्ट व्हायला हवी. जखम नेमकी वरच्या पट्ट्यावर असेल तर तिथे सिग्नल क्षीण मिळतो किंवा मिळतच नाही. इप्सिहँड मुद्दाम निरोगी बाजूचा सिग्नल वापरतं, कारण त्या बाजूचाही आपल्याच बाजूच्या हातात थोडा वाटा असतो. म्हणून पहिल्या भेटीला एमआरआयची फिल्म किंवा सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

१३. बाबांचं बोलणं गेलंय, सांगितलेलं कळतं की नाही तेही समजत नाही. चालेल का?

उजवी बाजू गेली आणि सोबत वाचाही गेली, ही जोडी नेहमीची, कारण बहुतेकांचं भाषेचं केंद्र डाव्या मेंदूत असतं. बोलता न येणं अडचणीचं नाही. सूचना समजणं मात्र लागतं. स्क्रीनवरच्या इंग्रजी अक्षरांऐवजी हाताचं चित्र किंवा थेरपिस्टने करून दाखवलेली कृती वापरता येते. घरात बाबांशी मालवणीत किंवा कोकणीत बोलत असाल तर सूचनाही तशाच द्या.

डावी बाजू गेलेल्यांत वेगळी गोम असते. काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. त्यांच्यासाठी स्क्रीन उजवीकडे सरकवा, नाहीतर सूचना त्यांनी बघितलीच नाही आणि आपण मॉडेलला दोष देत बसतो.

१४. डोक्याचं ऑपरेशन, फिट, पेसमेकर, झोपेची गोळी. यांतलं काही असेल तर?

सूज उतरावी म्हणून कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या जागी सिग्नल नेहमीपेक्षा मोठा दिसतो, कारण अडवणारं हाडच नाही. मोठा म्हणजे चांगला असं नव्हे, दोन बाजूंची तुलना चुकते. शिवाय त्या मऊ जागेवर टोपी घट्ट बसवणं धोक्याचं. हाड परत बसेपर्यंत थांबणं बरं, आणि सर्जनची परवानगी हवीच.

पेसमेकर असेल तर टोपी चालते, एफईएस मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. मोटरचा सांगाडा हा पर्याय असतो. फिट येत असतील तर त्या आटोक्यात आल्यावरच. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम यांसारख्या गोळ्यांनी ईईजीतली जलद बीटा लय वाढते, म्हणून गोळ्यांची यादी इंजिनिअरलाही दाखवा. सेशन चांगलं व्हावं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

१५. त्यापेक्षा न्यूरालिंकची चिप बसवली तर?

ती वाट वेगळ्या गावाला जाते. न्यूरालिंकने माणसात पहिलं रोपण जानेवारी २०२४ मध्ये केलं. त्याआधी, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेनगेटच्या (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केलेल्या अमेरिकी संशोधनाच्या) प्रयोगात ब्रेनस्टेम स्ट्रोक झालेल्या एका महिलेने रोबोटचा हात मनाने चालवून स्वतः कॉफी प्यायली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड चँग यांच्या गटाने अशाच दुसऱ्या महिलेच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड ठेवून तिचं बोलणं मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने ओळखलं. थक्क करणारं काम आहे. पण त्यात गेलेल्या हाताची, गेलेल्या वाणीची जागा यंत्र घेतं. इथे आपण तोच हात परत वापरात आणायचं बघतोय, आणि त्यासाठी कवटी उघडायची गरज नाही.

१६. ऑनलाइन स्वस्त हेडबँड मिळतो. घरीच केलं तर?

ध्यानधारणेच्या अ‍ॅपसाठी ठीक असेल. त्याचे इलेक्ट्रोड बहुतेक कपाळावर असतात. हाताचा सिग्नल मिळतो तो माथ्याच्या बाजूंना (प्रश्न १२). कपाळावर जास्त करून भुवया आणि पापण्या बोलतात. पैसे वाचवा.

१७. हा डेटा कुणाच्या ताब्यात जातो?

संमतीपत्रात ते लिहिलेलं असायला हवं: नाव काढून ठेवतात का, परदेशी सर्व्हरवर जातो का, कंपनीला देतात का, मध्येच माघार घेतली तर काय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहे. बाबांना सही करता येत नाही म्हणून मुलाने परस्पर करून टाकणं बरोबर नाही. त्यांना समजेल अशा रीतीने विचारा आणि मान हलवून का होईना, होकार त्यांचा घ्या.

१८. बाबा खांदा उचलतात आणि यंत्र सुरू होतं. हे चालतं का?

सगळे हुशार रुग्ण हे शोधून काढतात. खांदा उचलला, दात आवळले, मान ताणली की स्नायूंची वीज ईईजीत शिरते, आणि ती मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठी असते. मॉडेल खूश, आकडा नव्वदवर, आणि हात तिथेच. म्हणून खांद्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंवरही इलेक्ट्रोड लावतात, ते जागे झाले की तो प्रयत्न बाद. तुमच्या केंद्रात ते नसतील तर थेरपिस्टचा एक हात बाबांच्या खांद्यावर असला तरी पुरतं. बाबांना रागावू नका, दुखऱ्या हाताने काम करायची सवय शरीराने अशीच लावून घेतलेली असते.

१९. दोन महिने झाले. मशीनवरचा आकडा वाढला, पण चमचा अजून धरता येत नाही. चालू ठेवायचं का?

मशीनवरचा आकडा वाढणं आणि हात सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी. रुग्ण यंत्राला सरावतो, यंत्र रुग्णाला सरावतं, किंवा प्रश्न १८ मधली गंमत चालू असते. निर्णय हाताच्या मोजणीवर घ्या: सुरुवातीचे फ्यूगल-मायरचे गुण आणि आजचे, शक्यतो सेशन न घेणाऱ्या थेरपिस्टने मोजलेले. सुरुवातीची मोजणीच झालेली नसेल तर आज करून घ्या आणि चार आठवड्यांनी पुन्हा.

गुण चार-पाचने वाढलेले असतील पण चमचा धरता येत नसेल, तर बीसीआय कमी करून ऑक्युपेशनल थेरपी वाढवा, कारण उघडणाऱ्या बोटांना आता खऱ्या वस्तूंचा सराव हवा. चमच्याच्या दांड्याला फोम गुंडाळून जाड केला की बऱ्याच जणांना तो आधी धरता येतो. गुण जागचे हलले नसतील आणि अ‍ॅक्युरसी पहिल्यापासून साठच्या आसपासच असेल, तर थांबा आणि उरलेल्या सेशनचे पैसे परत मागा. बुकिंग करतानाच ही अट लिहून घेतलेली असली तर वाद होत नाही.